सरदार सिॲटल नेमकं काय बोलला?

पर्यावरण दिनाच्या पोस्टरवर ‘चीफ सिॲटल’ हे नाव तुम्ही कधी ना कधी वाचलं असेल. जमीन मागणाऱ्या गोऱ्यांना त्याने दिलेलं उत्तर म्हणून एक सुंदर भाषण जगभर फिरत असतं. पण हा माणूस कोण आणि तो कुठल्या भाषेत बोलला, हे पोस्टरवर नसतं.

सिॲटल हा सुक्वामिश लोकांचा सरदार. वडील सुक्वामिश, आई शेजारच्या दुवामिश लोकांतली. अमेरिकेच्या वायव्येला, वॉशिंग्टन राज्यात, प्युजेट साउंड नावाची खाडी आहे. तिच्या काठी हे लोक राहतात. १८५५ च्या पॉइंट इलियट तहाने त्यांची बहुतेक जमीन गेली आणि छोटासा राखीव भाग उरला. पलीकडच्या काठावरच्या शहराला मात्र सरदाराचं नाव मिळालं!

त्यांची भाषा लशूटसीड. आता गंमत बघा. या भाषेत रोजच्या बोलण्यात ‘म’ आणि ‘न’ नाहीतच. पूर्वी होते, पण पुढे ‘म’चा ‘ब’ आणि ‘न’चा ‘द’ झाला. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तेवढा ‘म’ राहिला. म्हणजे ‘सुक्वामिश’ हे नाव त्यांच्या तोंडी साधारण ‘सुक्वाब्श’ असं होतं. अर्थ : स्वच्छ खाऱ्या पाण्याचे लोक. आपण ‘चाक’ आणि ‘चार’ मधले दोन वेगळे ‘च’ एकाच अक्षराने लिहितो, त्यांच्या आजच्या लिपीत त्या दोन उच्चारांना दोन अक्षरं आहेत.

आता भाषणाकडे येऊ. १८५४ च्या सुमारास सरदार आपल्या भाषेत बोलला. ते शब्द त्या भाषेत कोणी लिहून ठेवले नाहीत. १८८७ मध्ये डॉ. हेन्री स्मिथ यांनी आपल्या जुन्या टिपणांवरून म्हणून ते फुलोऱ्याच्या इंग्रजीत छापलं. आणि पोस्टरवरचं भाषण तर त्याहून नवं. टेड पेरी या लेखकाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका फिल्मसाठी ते लिहिलं. त्यात आगगाडीतून मारलेल्या बायसनचा उल्लेख आहे. सरदार वारला १८६६ साली, अमेरिकेच्या आरपार जाणारी रेल्वे पूर्ण झाली १८६९ साली, आणि त्याच्या खाडीकाठी बायसनचे कळप नव्हतेच!

भाषा बोलणारे भरपूर असते तर निदान कोणी हटकलं असतं. पण मधल्या काळात मुलांना बोर्डिंग शाळांत घातलं गेलं आणि स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाली. मीही कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. वर्गात मराठी बोललं की दंड असे. पण संध्याकाळी घरी आई मराठीतच ओरडायची, म्हणून माझी भाषा टिकली. त्या मुलांना महिनोन्‌महिने घरच नव्हतं. मोठी झाल्यावर अनेकांनी आपल्या मुलांना ती भाषा शिकवलीच नाही.

तरी सगळं बुडालं नाही. १९५० च्या दशकात लिऑन मेटकाफ यांनी म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी टेपवर घेतल्या. थॉम हेस या भाषातज्ज्ञांचा शब्दकोश १९७६ मध्ये आला. अपर स्कॅजिट जमातीच्या व्हाय हिल्बर्ट (१९१८-२००८) यांनी टेप ऐकून शब्द न्‌ शब्द उतरवला आणि वॉशिंग्टन विद्यापीठात ही भाषा शिकवली. आज मुलं त्याच गोष्टींवरून ती शिकू शकतात. त्या आज्यांच्या तोंडी कोणी भलतं वाक्य घालू शकणार नाही, कारण त्यांचा आवाजच शिल्लक आहे.

आपल्या होस्टेलमध्ये कोणाची आजी अहिराणी बोलते, कोणाची मालवणी, कोणाची वऱ्हाडी. खिशातल्या मोबाइलमध्ये रेकॉर्डर आहेच. या सुट्टीत तिची एक गोष्ट, तिच्याच शब्दांत, न सुधारता घेऊन या. आपलं म्हणणं आपल्या बोलीत नोंदवलं नाही, तर पुढे कोणीतरी चांगल्या मनाने का होईना, दुसरंच काही आपल्या नावावर लिहील.