रेझिस्टन्स शून्य? आधी मोजून बघू!

फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये आपण सगळ्यांनी सुपरकंडक्टिव्हिटी पाठ केली आहे. १९११ साली कॅमरलिंग ओन्स यांनी पारा ४.२ केल्व्हिनपर्यंत थंड केला आणि त्याचा रेझिस्टन्स नाहीसा झाला. पण एवढ्या थंडीसाठी महागडं द्रवरूप हेलियम लागतं. साध्या तापमानाला असा पदार्थ मिळाला, तर तारांमध्ये फुकट जाणारी वीज वाचेल.

जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी तो मिळाल्याचा दावा केला. नाव एलके-९९. त्यात शिसं, फॉस्फरस, ऑक्सिजन आणि थोडं तांबं. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याचा व्हिडिओही होता! कृती सोपी, त्यामुळे जगभरच्या लॅब कामाला लागल्या. दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीनेही तो बनवला, पण त्यात सुपरकंडक्टिव्हिटी दिसली नाही. ऑगस्टमध्ये खरं कारण कळलं. नमुन्यात कॉपर सल्फाइडची भेसळ होती. थंड होताना सुमारे १०४ अंश सेल्सिअसला त्याची रचना बदलते आणि रेझिस्टन्स एकदम घसरतो, पण शून्य होत नाही. जर्मनीत शुद्ध स्फटिक बनवला, तर तो चक्क इन्सुलेटर निघाला!

मला हे 'नाही' फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे ग्राफ सरळ यावा म्हणून जर्नलमध्ये रीडिंग 'बसवतात'. त्या लॅबनी तसंच केलं असतं, तर आपण आजही एलके-९९ पाठ करत बसलो असतो. म्हणून पुढच्या प्रॅक्टिकलला एखादा पॉइंट रेषेबाहेर गेला तर खोडू नका. तो का गेला, ते शोधा.