ब्रेक पॅडची कसर, डिस्कचा भुर्दंड

व्यापारी बंधूंनो, आम्ही कापडवाले. मालेगावहून गठाणी भरलेली आमची गाडी कसारा घाट उतरून भिवंडीला जाते, तेव्हा मालाचा आणि माणसांचा भरवसा ब्रेकवर असतो. म्हणून तागा उलगडून पाहतो तसा ब्रेकही उघडून पाहावा.

बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतो. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपर दोन पॅड फिरत्या डिस्कवर आवळतो. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर मसाला असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत. अनेक पॅडना बारीक पत्ती असते. मसाला संपत आला की ती डिस्कला लागून किरकिरते. हा आवाज कानाआड करू नये. पुढे लोखंडावर लोखंड घासते, खरखर सुरू होते आणि डिस्कवर चरे पडतात. मग पॅडवर भागणारे काम डिस्कवर जाते.

गॅरेजात उभे राहून एवढे पाहून घ्यावे :

१) डिस्कची कमीत कमी जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. जाडी त्याखाली गेली किंवा तडा दिसला तर डिस्क बदलावी. लेथवर घासूनही जाडी पुरेशी उरत असेल तरच घासावी. ब्रेक मारताना पेडल थरथरत असेल तर डिस्क सारखी झिजलेली नाही असे समजावे.

२) पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत. एका बाजूचे बदलले तर गाडी एकीकडे ओढते.

३) एकाच कॅलिपरमधला एक पॅड जास्त झिजला असेल तर कॅलिपरच्या पिना जाम झाल्या आहेत का ते पाहावे. नाहीतर नवा पॅडही तसाच जाईल.

४) पॅड झिजतात तशी ब्रेक ऑइलची पातळी उतरते. नुसते ऑइल ओतले तर खूण झाकली जाते. पॅड चांगले असूनही ऑइल कमी होत असेल तर गळती शोधावी.

५) पॅड बसवल्यावर पेडल कडक होईपर्यंत दाबावे, मगच गाडी हलवावी. पहिले काही दिवस जोरात ब्रेक मारणे टाळावे.

घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. सतत ब्रेक दाबून ठेवल्यास पॅड तापतात आणि पकड सुटते.

पॅडच्या पैशांत कसर करून नफा होत नाही. बुडालेला माल पुन्हा भरता येतो. गाडीतल्या ड्रायव्हरचा आणि हमालाचा जीव परत आणता येत नाही.