कळ कुठे सरकते ते बघ

अगं, तो हाडवैद्य म्हणे मणक्यांमधली सरकलेली गादी एका झटक्यात बसवून देतो! हे ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. गादी जागची उठून कुठे जात नाही गं. तिचं बाहेरचं कडं चिरतं, आतला मऊ गर थोडा बाहेर येतो, शेजारची नस दबते, सुजते. म्हणून दुखणं कंबरेचं आणि कळ पोटरीत. तो गर हाताने आत ढकलणं कुणालाच जमत नाही. पुष्कळदा शरीरच तो हळूहळू शोषून घेतं. बहुतेकांचा पाय दीड-तीन महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय बराच हलका होतो.

मग हाताच्या उपचारांना अर्थच नाही? आहे ना. चांगली फिजिओथेरपिस्ट आधी पायातली ताकद आणि स्पर्श तपासते. मग मणक्यांच्या सांध्यांवर हलक्या लयीत दाब देते, आखडलेले स्नायू सैल करते, नस मोकळी हलावी म्हणून पाय सावकाश हलवून घेते. तेवढ्यापुरती कळ उतरते, वाकायची भीती जाते आणि व्यायाम करता येतो. व्यायाम सोडून नुसतं चोळून घेत राहिलीस, तर पैसे जातील आणि दुखणं तिथंच राहील. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनं २०१६ मध्ये हेच सांगितलं: हाताचे उपचार द्यायचे तर व्यायामाच्या जोडीनंच. आणि ट्रॅक्शन, म्हणजे वजनं लावून कंबर ताणणं, नकोच. आपल्याकडे अजून सर्रास वजनं लावतात, तेव्हा कुणी सुचवलं तर स्पष्ट विचार, कशासाठी?

न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झींची एक पद्धत आहे, ती फिजिओकडून नीट शिकून घे. पालथं पडायचं, कोपरांवर छाती उचलायची. पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली कंबरेत आली, तर कंबर जरा जास्त दुखली तरी घाबरू नकोस, गाडी योग्य दिशेनं चाललीय. कळ पायात आणखी खाली उतरू लागली, तर मात्र तिथंच थांब आणि फिजिओला सांग. हे सगळ्यांना मानवतंच असं नाही.

आणि एक, लाजू नकोस. लघवी अडकली किंवा नकळत झाली, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर मालिश नाही, व्यायाम नाही, सकाळची वाटही बघायची नाही. भावजींना उठव, हॉस्पिटल गाठ आणि वाटेतून मला फोन कर.