आधी भिंत ओळख

शहापूर, बेळगाव

चि. बाळ,

तू पाठवलेले निपाणीच्या घराचे फोटो मोठे करून नीट बघितले. इलेक्ट्रिशियननं जागोजाग झिऱ्या मारल्यात, प्लंबरनं न्हाणीची भिंत फोडलीय, माजघरातलं फडताळ काढल्यावर मागं खिंडार निघालंय, आणि जुन्या खुंट्यांची भोकं तर भिंतभर. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय, सगळीकडं सिमेंट भरतो, वर पुट्टी ओढतो, आठ दिवसांत काम संपवतो. पुण्यात बसून तू त्याला 'हो' म्हणायच्या आत हे पत्र तुला मिळावं म्हणून आजच टाकतोय. फोनवर सांगितलेलं विसरून जातं. कागद निदान गवंड्याच्या हातात देता येतो.

भोकात काय भरायचं हे भिंतीला विचारून ठरवावं लागतं. आपल्या त्या एका घरात तीन जातीच्या भिंती आहेत. बाहेरची दोन फूट जाडीची भिंत काळ्या दगडाची, मातीत रचलेली. सोप्यात तिला आतून चुन्याचा गिलावा आहे. माजघर आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत भेंड्यांची, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांची. न्हाणी-संडासाची बाजू तुझ्या वडिलांनी नंतर बांधली, ती भट्टीच्या विटांची आणि सिमेंटची. तिन्हींना एकच मलम चालत नाही. शंका आली तर भोकाच्या कडेचं एक ढेकूळ काढून वाटीभर पाण्यात टाक. थोड्या वेळात विरघळून तळाला गाळ बसला तर माती. तसंच राहिलं, आणि फोडल्यावर आत पांढरे ठिपके दिसले तर चुना. करडं, खणखणीत, नखानं ओरखडा न उठणारं असेल तर सिमेंट.

आता भेंड्यांच्या भिंतीकडं ये, कारण सगळ्यात जास्त नासधूस तिथंच व्हायची भीती आहे. मातीची भिंत पावसाळ्यात ओल ओढते आणि उन्हाळ्यात सोडून देते. तिचं सगळं आरोग्य या देवाणघेवाणीवर चालतं. तिच्यात सिमेंटचं ठिगळ लावलं की ओलीला तिथून सहज बाहेर पडता येत नाही, मग ती ठिगळाच्या कडेनं वाट काढते. येताना मातीतले क्षार घेऊन येते. पाणी उडून जातं, क्षार मागं राहून त्यांचे स्फटिक होतात, ते फुगतात, आणि भोवतीची माती पीठ होऊन गळायला लागते. आपल्याकडं लोणा लागला म्हणतात तो हाच. काही पावसाळे गेले की सिमेंटचा गोळा शाबूत राहतो आणि त्याच्याभोवती भिंत पोकळ झालेली असते. बोटानं टकटक केलंस तर आवाजावरून कळतं. वर पुन्हा सिमेंट कडक आणि माती नरम. भिंत जराशी हलली की दोघांमधला सांधाच पहिला उलतो. ठिगळ भिंतीपेक्षा थोडं नरम असलेलं चालतं, कडक असलेलं चालत नाही.

तेव्हा फडताळामागचं खिंडार मातीनंच भर. माती काळी नको, ती वाळताना भेगाळते. पांढरी माती किंवा मुरमाड तांबडी माती घे, चाळून घे, त्यात भाताचा किंवा गव्हाचा भुसा आणि थोडं शेण घाल, आणि पाणी घालून किमान आठवडाभर मुरू दे. रोज पायानं तुडवायची. मुरलेली माती हाताला लोण्यासारखी लागते, मुठीत दाबली की बोटांचे ठसे जसेच्या तसे उठतात आणि काठ फाटत नाहीत. तोवर खिंडारातली सगळी सुटी माती खरवडून काढायची. खिंडाराचं तोंड आतल्यापेक्षा किंचित अरुंद ठेवायचं, म्हणजे भरलेला माल आत अडकून बसतो. फडताळाचा लाकडी चौकट-खुंट आत राहिला असेल तर तो काढ. वाळवी तिथूनच पुढं सरकते. मग पाण्याचा हबका मारायचा, भिंत ओलसर झाली पाहिजे, पाणी ओघळता कामा नये. मोठ्या पोकळीत जुन्या भेंड्यांचे तुकडे बसवायचे, त्यांच्यामध्ये माती ठासायची, आणि एका वेळी दोन बोटांहून जाड थर द्यायचा नाही. पहिला थर वाळून बारीक भेगा पडल्या की मगच दुसरा. शेवटी ओल्या फडक्यानं सारवून चुन्याची सफेदी. यावर प्लॅस्टिक पेंट लावू नकोस, त्यानंही भिंतीचा श्वास कोंडतो.

हे जुन्यापान्यांचं वेड म्हणून सोडून देऊ नकोस. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असं पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंह आणि औरंगाबादचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी 2016 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये मांडलं. तो गिलावा इतकी शतकं टिकायला हे तंतूही कारण आहेत, असं त्यांचं म्हणणं. आपला भुसा तेच काम करतो: माती आकसताना तिला धरून ठेवतो.

आणि अजिंठ्याचं उदाहरण तर कुणीही भिंत दुरुस्त करण्याआधी ऐकावं असं आहे. 1920 च्या सुमाराला निजाम सरकारनं इटलीहून लॉरेन्झो चेक्कोनी नावाचे तज्ज्ञ बोलावले. भिंतीपासून सुटत चाललेला चित्रांचा गिलावा त्यांनी पुन्हा चिकटवला, कडा बुजवून पक्क्या केल्या. त्यांच्या हातून पुष्कळ वाचलं, हे मान्य केलंच पाहिजे. पण चित्रांवर त्यांनी लाखेचं रोगण चढवलं. ते पुढं पिवळं पडलं, चित्रं झाकोळली, आणि रोगण काढायला पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना कित्येक वर्षं खपावं लागलं. माणूस निष्णात होता, हेतू चांगला होता. वर चढवलेला पदार्थ मात्र त्या भिंतीच्या प्रकृतीचा नव्हता.

सोप्यातल्या चुन्याच्या गिलाव्याला चुनाच लाव. भिजवून मुरवलेला चुना, त्यात चाळलेली वाळू. खाणीची असेल तर तीनास एक, नदीची असेल तर दोनास एक. हेच माप रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअसनं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश पुन्हा दगड होतो, त्याला घाई केलेली खपत नाही. पंखा लावून वाळवायचा नाही, उलट काही दिवस ओलसर ठेवायचा.

बाहेरच्या दगडी भिंतीत मला फोटोत एक गोष्ट खटकली. खिडकीशेजारी जिथं प्लंबरनं भोक पाडलंय तिथं भिंतीला पोट सुटल्यासारखं दिसतंय. अशी भिंत म्हणजे दोन पाळ्या असतात, आतली आणि बाहेरची, आणि मध्ये चिपा-मातीची भर. दोन्ही पाळ्यांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसतील तर त्या हळूहळू एकमेकींपासून सुटतात. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात ज्या भिंतींनी इतके जीव घेतले त्या याच जातीच्या, जाडजूड आणि भक्कम दिसणाऱ्या. तेव्हा त्या जागी भोक बुजवायचं काम आधी थांबव. ओळंबा लावून पोट किती आहे ते मोज. गरज पडली तर ठरावीक अंतरावर भिंत जपून उघडून आरपार दगड किंवा सळई घातलेले काँक्रीटचे जोड बसवावे लागतील. ते काम इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करायचं नाही.

भोक वेगळं आणि भेग वेगळी, हेही बघ. बिडीच्या तंबाखूला निपाणीची जी काळी जमीन मानवली, तीच घराच्या पायाला जाच करते. पाणी लागलं की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यासोबत घर वर-खाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली जी भेग तू पाठवलीस ती बहुतेक तसलीच आहे. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख घाल, आणि मध्ये आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटव. काच तडकली तर भेग जिवंत आहे. ती एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघितल्याशिवाय बुजवण्यात अर्थ नाही. आधी पायथ्याशी साचणारं पाणी लांब काढून दे. वळचणीचं पाणी परड्यात भिंतीला लागूनच पडतंय, ते आधी बंद झालं पाहिजे. फुटकी कौलंही आधी फेर. पाणी येतच राहिलं तर आतलं कुठलंच ठिगळ टिकायचं नाही.

राहिली न्हाणीची विटांची भिंत. इथं सिमेंटच पाहिजे, पण रीत पाळून. झिरी किती खोल मारायची याला नियम आहे: उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको, आडवी एक षष्ठांशाहून खोल नको. साडेचार इंची भिंतीत म्हणजे उभी दीड इंच आणि आडवी पाऊण इंच, बस्स. आडवी लांबलचक झिरी भिंतीची कंबर कापते. दोन्ही बाजूंनी समोरासमोर तर मुळीच मारू देऊ नकोस. छन्नी-हातोड्याऐवजी कटरनं दोन रेघा मारून मधलं काढायला सांग, म्हणजे आजूबाजूचा गिलावा हादरून सुटत नाही.

आणि झिरी बुजवण्याआधी पाइपात पाणी भरून प्रेशरची चाचणी घे. एक रात्र काटा जागेवर राहिला पाहिजे. मला आठवतं, बेळगावातल्याच एका घरात चाचणी न घेता झिऱ्या बुजवल्या, टाइल्स बसवल्या, आणि पहिल्या पावसाळ्याआधीच शेजारच्या खोलीत ओल उतरली. गळती कुठून हे शोधायला सगळी भिंत पुन्हा फोडावी लागली. चाचणी झाली की मीटर-टेप भिंतीला लावून प्रत्येक झिरीचा फोटो काढ, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनचं अंतर दिसेल असा. उद्या खिळा ठोकताना त्याचा उपयोग होईल.

भरताना झिरीतली धूळ ब्रशनं झाड, पाणी मार, सिमेंटचं पातळ पाणी फिरव, आणि ते ओलं असतानाच एकास चार माल ठासून भर. खोल असेल तर दोन थरांत. वर दोन्ही बाजूंना चार-चार इंच जाईल अशी जाळी. विटा आणि काँक्रीट जिथं भेटतात तिथंही जाळी हवीच, आणि काँक्रीटला आधी टाचे मारलेले हवेत. पृष्ठभाग भिंतीपेक्षा सुतभर आत ठेवला तर पुट्टीला जागा राहते. मग सात दिवस पाणी मारायचं. छोटी जागा आहे म्हणून पाणी चुकवतात, आणि तीच जागा लवकर वाळून भोवतीनं बारीक चीर देते.

इलेक्ट्रिशियन बोर्डाचे डबे बसवायला पीओपी वापरतो, कारण ते काही मिनिटांत घट्ट होतं. कोरड्या खोलीत चालेल. न्हाणीत किंवा ओल येणाऱ्या भिंतीत नको. जिप्सम पाणी लागलं की नरम पडतं आणि डब्याच्या लोखंडाला गंज चढतो.

खिळ्यांची आणि रॉलप्लगची बारीक भोकं काही मोठी गोष्ट नाही. प्लग उपटून काढ, फुगलेली कड आत दाब, पुट्टीचे दोन पातळ हात, घासकागद, प्रायमर. अंधारात टॉर्च भिंतीला अगदी लागून धर, उंचवटे-खळगे सावलीवरून लगेच दिसतात. रंग मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला दे.

काही भोकं बुजवायची नाहीत, हे गवंड्याला स्वतः उभा राहून दाखव. स्वयंपाकघरात वाशांखाली धुरासाठी ठेवलेले झरोके गरम हवा बाहेर काढतात. त्यांना बारीक जाळी लाव. सोप्यातले कोनाडे भिंतीत मुद्दाम सोडलेले आहेत, कुणी पाडलेले नाहीत. तुझ्या बायकोला ते सपाट हवे असतील तर तिला एकदा संध्याकाळी तिथं दिवा ठेवून बघायला सांग, मग ठरवा दोघं. धान्याच्या कणगीमागचं उंदराचं बीळ मात्र काचेचे तुकडे घालून, बाहेरचं आणि आतलं अशी दोन्ही तोंडं एकाच दिवशी बंद कर.

माणसांबद्दल. तुझा कॉन्ट्रॅक्टर सिमेंटचा माणूस आहे, त्याला न्हाणीची बाजू दे. मातीच्या आणि चुन्याच्या कामाला खानापूरकडचे एक वयस्कर गवंडी माझ्या ओळखीचे आहेत. कन्नड आणि मराठी दोन्ही बोलतात, पण फोनवर बोलणं त्यांना आवडत नाही. तू समोर ये. त्यांना अहो-जाहो कर, कामाच्या मधे घाई लावू नकोस, आणि ठरलेली मजुरी रोज हातात दे, शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस. अक्षय तृतीयेला वास्तुशांत करायची म्हणतोस, त्या हिशोबानं मातीचं काम पुढच्या पंधरवड्यात सुरू व्हायला हवं, म्हणजे मृगाच्या आत वाळून सफेदी होईल. मुहूर्तासाठी ओल्या भिंतीवर रंग चढवायचा नाही, त्यापेक्षा एक खोली सफेदीशिवाय राहू दे.

या रविवारी निपाणीला जाशील तेव्हा खिडकीशेजारच्या भिंतीला ओळंबा लाव आणि वर, मध्ये, खाली दोरीपासूनचं अंतर मोजून मला कळव. ते आकडे आल्यावर इंजिनिअरला कधी न्यायचं ते ठरवू. तोवर त्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही, असं कॉन्ट्रॅक्टरला आजच सांग.

तुझे
काका