काटा ८० वर, गाडी ७५ वर

प्रश्न : आमच्या गाडीचा काटा ८० वर असतो तेव्हा मोबाइलवरचा नकाशा ७५ दाखवतो. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं, तर ‘सगळ्याच गाड्यांचं असं असतं’ म्हणून बोळवण केली. गाडी घेऊन वर्षही झालेलं नाही. मीटर सदोष आहे का? बदलून मागावं का?
– एक वाचक, कराड

उत्तर : मागू नका. मिळणार नाही, आणि मिळालं तरी नवीन मीटरही ८० च्याच आसपास दाखवेल. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बोळवण केली खरी, पण सांगितलं ते बरोबर होतं. कारण समजावून सांगायचे कष्ट मात्र कुणी घेतले नाहीत.

गाडीचं मीटर कारखान्यातूनच थोडं पुढे लावून येतं. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाचा ३९ क्रमांकाचा नियम याच विषयावर आहे आणि तो चांगलाच एकतर्फी आहे. मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवायचा नाही. जास्त दाखवला तर मात्र खऱ्या वेगाचा दहावा भाग आणि वर ४ किलोमीटर, इथवर माफ. म्हणजे गाडी खरोखर ८० ने पळत असताना काटा ९२ वर असला तरी मीटर पास, आणि ७९ वर असला तर नापास. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११७ वा नियम स्पीडोमीटर सक्तीचं करतो आणि ते भारतीय मानक ११८२७ प्रमाणे असावं लागतं. युरोपच्या फूटपट्टीने तुमचा हिशेब केला तर खरा वेग ७५ असताना काटा ८६ च्या पुढे गेला तरी चाललं असतं. तुमचा ८० वर थांबतो. तक्रारीला जागा नाही.

आता कंपनीच्या इंजिनिअरच्या जागी बसून बघा. एकाच मॉडेलच्या हजारो गाड्या बाहेर पडणार. प्रत्येकीचं मीटर आणि टायर केसाच्या फरकाने वेगळे. अचूक वेगावर नेम धरला तर काही गाड्यांचे काटे थोडे वर जातील, काहींचे थोडे खाली, आणि खाली गेलेली प्रत्येक गाडी नियमात अडकेल. म्हणून नेम आधीच वर धरायचा, म्हणजे सगळ्यात मागे राहिलेला काटाही खऱ्या वेगाच्या खाली उतरणार नाही. तुमचे ५ किलोमीटर तिथून आले.

यात टायरचा वाटा मोठा असतो. गाडीला स्वतःचा वेग कळत नाही. तिला चाकाच्या किंवा गिअरबॉक्सच्या फेऱ्या मोजता येतात. एका फेरीत गाडी किती पुढे जाते हा आकडा कंपनीने आत भरून ठेवलेला असतो, आणि तो विशिष्ट मापाच्या टायरसाठी असतो. समजा टायर १८५/६५ आर १५ आहे. त्याचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर, म्हणजे एका फेरीत गाडी साधारण १ मीटर ९५ सेंटिमीटर पुढे सरकते. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर खोल धरली आणि ती झिजून कायद्याने चालणाऱ्या १.६ मिलिमीटरवर आली, तर व्यास जवळजवळ १३ मिलिमीटरने घटतो. कागदावर हा फरक २ टक्क्यांचा. तेवढंच अंतर कापायला चाक जास्त फिरतं, आणि काटा आणखी वर सरकतो. हवा कमी असली तरी परिणाम याच दिशेने होतो. रेडियल टायरमध्ये पोलादी पट्टा असल्यामुळे तो किरकोळ राहतो.

उलटा प्रकार जास्त काळजीचा. गाडी जरा दणकट दिसावी म्हणून मोठे टायर बसवायची हौस हल्ली गावोगावी दिसते. वरच्याच गाडीला २०५/६५ आर १५ चढवला तर व्यास ४ टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो. तुमच्या गाडीचं उदाहरण घेतलं, तर काटा ८० दाखवत असताना खरा वेग ७५ चा ७८ होईल. कंपनीने ठेवलेल्या राखीव अंतरातला बराचसा भाग टायरवाल्याच्या दुकानातच संपला. शिवाय किलोमीटरही कमी पडतील, आणि मग मालक तक्रार करत फिरणार की टायर बदलल्यापासून गाडीचं ॲव्हरेज पडलं. मोठ्या, जड टायरने ते थोडं पडतंही. पण उरलेला भाग निव्वळ मोजणीतली घट असतो.

ॲव्हरेजचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. वेगाच्या काट्यात भर घातलेली असते म्हणून किलोमीटरच्या आकड्यातही तेवढीच असेल, असं धरून चालू नका. नियमातली ती मुभा वेग दाखवण्यापुरती आहे. बऱ्याच गाड्यांचा किलोमीटरचा आकडा काट्यापेक्षा खरंच जास्त प्रामाणिक असतो.

खातरजमा करायची तर मोबाइलचा जीपीएस चांगला. मात्र सरळ, सपाट रस्ता हवा आणि वेग निदान अर्धा मिनिट एकसारखा हवा. तुमच्या बाजूला खंबाटकीच्या बोगद्यात किंवा वळणावळणाच्या घाटात घेतलेला आकडा सोडून द्या. क्रूझ कंट्रोल असेल तर तो लावा. मोबाइलवरचे आकडे शेजारी बसलेल्याने बघायचे, चालवणाऱ्याने नाही. जीपीएसवर विश्वास नसेल तर रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आहेतच. किलोमीटरला किती सेकंद लागले ते मोजायचं आणि ३६०० ला त्याने भागायचं. ४५ सेकंद म्हणजे ८०, ४८ सेकंद म्हणजे ७५. एकाच किलोमीटरवर जाऊ नका. रुंदीकरणात दगड मागेपुढे झालेले असतात आणि बटण दाबताना एक सेकंद इकडे-तिकडे झाला तरी निकाल दीड-दोन किलोमीटरने हलतो. सलग पाच किलोमीटर मोजले की ही चूक विरघळून जाते.

मोजताना एक लक्षात ठेवा : काट्याचं मीटर शेजारच्या सीटवरून वाचायचं नाही. काटा तबकडीपासून थोडा पुढे असतो, त्यामुळे डावीकडून बघणाऱ्याला तो उजवीकडे सरकलेला, म्हणजे बहुतेक वेळा जास्त वेगावर दिसतो. ‘अहो, नव्वदने चालवताय!’ या घरोघरच्या वादात दोन्ही पक्ष आपापल्या सीटवरून खरं बोलत असतात.

मोजून झालं की ६०, ८० आणि १०० ला किती फरक पडतो ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि विषय संपवा. मीटर उघडून ‘सेट करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका. किलोमीटरचा आकडा त्याच डब्यात असतो. तिथे हात लागल्याचं दिसलं की उद्या वॉरंटीत वाद आणि गाडी विकताना गिऱ्हाइकाच्या मनात संशय. मोठे टायर आधीच बसवले असतील, तर टायरचं माप गाडीच्या संगणकात बदलता येतं का ते अधिकृत ठिकाणी विचारा. काही गाड्यांत येतं, काहींत नाही. आणि काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवत असेल, तर मात्र गप्प बसू नका. लेखी तक्रार करा.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मर्यादा १०० ची असेल तर काटा १०६ वर ठेवून चालेल का? पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरचे कॅमेरे तुमचा काटा वाचत नाहीत, गाडीचा वेग मोजतात. हिशेब जुळला तर तुम्ही सुटालही. पण तो हिशेब आजच्या टायरवरचा. झिजलेले टायर काढून नवे बसवले की त्याच काट्याला गाडी थोडी जास्त पळते. दोन-चार मिनिटं वाचवायला एवढी आकडेमोड मी तरी करणार नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या स्कूटरचा काटा ४० ते ६० मध्ये नाचत असतो. मीटर गेलं का?
– एक वाचक, वाई

उत्तर : बहुधा केबल कोरडी पडली आहे. काट्याच्या जुन्या मीटरची रचना मूळची ऑटो शुल्झे या जर्मन माणसाची, १९०२ च्या पेटंटची. पुढच्या चाकातल्या वर्म गिअरवरून केबल फिरते आणि तिच्या टोकाला मीटरमध्ये लोहचुंबक गरगरतं. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा स्पर्श नाही, तरी चुंबक फिरलं की वाटीत वीज घुमते आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. तिला केसासारखी बारीक स्प्रिंग धरून ठेवते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबेल तिथे काटा. केबल कोरडी किंवा मुडपलेली असली की ती अडकत, सुटत फिरते आणि काटा नाचतो. केबल काढून, पुसून, ग्रीस लावून बघा. तार सुटली असेल तर बदला, खर्च फार नाही. काटा नाचत नसेल पण कायम जास्तच दाखवत असेल तर स्प्रिंग सैलावली असावी. कायम कमी दाखवत असेल तर चुंबक क्षीण झालं असेल. काटा शून्यावर आडवा पडला आणि किलोमीटरही थांबले, तर केबल किंवा वर्म तुटलं समजा.

प्रश्न : मग रिक्षाचं मीटरही असंच पुढे लावलेलं असतं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. ते वेग दाखवत नाही, अंतर आणि थांबलेला वेळ मोजतं, आणि त्यावर पैसे ठरतात. म्हणून त्याला वैध मापन शास्त्र विभागाचं सील लागतं आणि भाडेवाढ झाली की ते नव्या दरावर लावून पुन्हा तपासून घ्यावं लागतं. मोजणी मात्र तिथेही चाकाच्या फेऱ्यांचीच. टायर गुळगुळीत झाला असेल आणि त्यामुळे २ टक्के जास्त अंतर मोजलं गेलं, तर १० किलोमीटरच्या प्रवासात मीटर २०० मीटर जास्त धरेल. आजच्या दराने ते तीन-साडेतीन रुपये होतात. बिल त्याहून बरंच जास्त वाटलं, तर टायरकडे बघत बसू नका. मीटरवरचं सील बघा.