निर्धूर चूल : बसविताना घ्यावयाची दक्षता

स्वयंपाकघरातील धूर ही गरिबीबरोबर येणारी अटळ गोष्ट आहे, असा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला होता. वस्तुतः धूर हे अपुऱ्या ज्वलनाचे लक्षण होय. लाकडाला पुरेशी हवा न मिळाल्यास त्यातील ज्वलनशील अंश न जळताच बाहेर पडतो आणि इंधनही वाया जाते. घरातील अशा धुरामुळे २०२० साली जगभर सुमारे ३२ लाख लोक अकाली मृत्यू पावले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात चुलीजवळ बसणाऱ्या स्त्रिया व लहान बालके यांचा वाटा मोठा आहे.

मराठवाड्याशी असलेले नाते

निर्धूर चुलीचा विचार मराठवाड्याला नवा नाही. हा प्रदेश हैदराबाद राज्यात असतानाच तेथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली चूल विकसित केली. त्यांची पुस्तिका १९५३ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९८३ मध्ये केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ मध्ये बंद झाला. ओडिशात नंतर झालेल्या एका पाहणीत असे आढळले की, पहिल्या वर्षी श्वासावाटे जाणारा धूर कमी झाला. परंतु देखभालीअभावी तो लाभ पुढे टिकला नाही. चूल बांधणे हे अर्धेच काम होय, हा यातील धडा.

जागेची निवड

छत्रपती संभाजीनगरमधील औरंगपुऱ्यासारख्या जुन्या, दाट वस्तीत आज बहुतेक स्वयंपाक गॅसवर होत असला, तरी आंघोळीचे पाणी तापविण्यासाठी वा मोठ्या कार्यासाठी लाकूड वापरले जाते. जुन्या माळवदाच्या घरात छताच्या तुळया व कड्या लाकडी असतात. भिंतीतही लाकडी खांब दडलेले असतात. म्हणून चूल बसविण्यापूर्वी भिंत ठोकून पाहावी व खांबाची जागा टाळावी. चुलीखाली दगड, वीट किंवा मातीचा पक्का ओटा असावा. समोर हवा येण्यास खिडकी वा दार असावे. मात्र वाऱ्याचा झोत थेट चुलीच्या तोंडात येऊ नये. सरपणाचा साठा चुलीपासून दूर ठेवावा.

बांधणी

चिकणमातीत बारीक भुसा व शेण मिसळून माती चांगली मळावी. चुलीची भोके घरातील नेहमीच्या भांड्यांवरून मापून घ्यावीत. भांडे भोकावर घट्ट बसले नाही, तर धूर फटीतून खोलीतच येतो. चूल सावलीत दोन-तीन आठवडे सावकाश वाळू द्यावी. घाई केल्यास भेगा पडतात. प्रारंभीचे काही दिवस लहानच जाळ करावा.

धुराडे

गरम धूर हलका होऊन वर चढतो व आपल्यामागे ताजी हवा चुलीत ओढून घेतो. धुराडे हे केवळ धूर घालविण्याचे साधन नसून चुलीचा श्वासच आहे. नळी साधारण १० सेंटीमीटर व्यासाची, शक्य तितकी सरळ आणि सांध्यांत लिंपलेली असावी. तिचे तोंड छतापासून किमान १ मीटर उंच न्यावे. शेजाऱ्यांच्या खिडकीपेक्षाही ते उंच असावे. आपला धूर दुसऱ्याच्या घरात सोडणे ही सुधारणा नव्हे. वर पावसापासून बचावासाठी टोपी बसवावी.

उघडी पत्र्याची नळी लाकडापासून निदान ४५ सेंटीमीटर दूर असावी. माळवदातून एवढे अंतर राखणे कठीण असल्याने नळी विटांच्या वा मातीच्या भिंतीतून चढत्या उताराने बाहेर काढून मग सरळ वर नेणे अधिक सुरक्षित. जुनी ॲस्बेस्टॉसची नळी मुळीच कापू नये. तिची धूळ फुप्फुसांस घातक असते.

चूल पूर्ण झाल्यावर तिच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरावी. धूर आत ओढला गेला, तर ओढ बरोबर आहे. तो बाहेर आल्यास नळीतील अडथळा वा सांध्यातील फट शोधावी.

नित्याची काळजी

नळीतील काजळी महिन्यातून एकदा काढावी. साचलेली काजळी ओढ कमी करते आणि पेटल्यास आगही लागते. सरपण वाळलेले व लहान तुकड्यांचे वापरावे. चूल पेटविण्यासाठी रॉकेल ओतू नये. राखेत निखारे बराच वेळ जिवंत राहतात. ती धातूच्या बादलीत झाकून घराबाहेर ठेवावी. जवळ पाण्याची व वाळूची बादली असावी.

बंद न्हाणीघरात बंब किंवा कोळशाची शेगडी पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, रंग नसतो. त्याने आधी डोके दुखू लागते व पुढे बेशुद्धी ओढवते. बंब उघड्या अंगणातच पेटवावा. अंग भाजल्यास त्यावर २० मिनिटे थंड पाण्याची धार धरावी. आग लागल्यास १०१ क्रमांकावर अग्निशामक दलास कळवावे.

चूल बांधणारा कारागीर एक दिवस येतो. ती वापरणारी गृहिणी रोज तिच्यापुढे बसते. म्हणून जागा, उंची व भोकांची मापे ठरविताना तिचेच मत प्रथम घ्यावे आणि काजळी काढण्याचे काम घरातील पुरुषांनीही वाटून घ्यावे. असे झाले, तरच चूल वर्षानुवर्षे निर्धूर राहील.