संगणकाच्या पडद्यावरील चित्र : काही अडचणी व त्यांची उकल

घरचा संगणक सुरू केला म्हणजे प्रथम दृष्टीस पडते ते आपले लिखाण नव्हे, की हिशेब नव्हे. ते असते एक चित्र. त्यास 'वॉलपेपर' असे म्हणतात. भिंतीस चिकटविण्याच्या नक्षीदार कागदाचे हे मूळ नाव. आमच्याकडील मातीच्या भिंतींना असला कागद कधी लागला नाही, त्यामुळे शब्द थोडा परका वाटतो; वस्तू मात्र आता परकी राहिलेली नाही. कोणी तेथे कुलदैवत ठेवतो, कोणी आवडता क्रिकेटपटू, आणि पुष्कळजण यंत्राबरोबर आलेले चित्र तसेच राहू देतात. २००१ साली निघालेल्या 'विंडोज एक्सपी'बरोबर हिरव्या टेकडीचे व निळ्या आकाशाचे जे चित्र घरोघर पोहोचले, ते चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकाराने १९९६ साली कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात रस्त्याच्या कडेला थांबून साध्या फिल्मवर टिपले होते. ते रंगवलेले असावे, असे पुष्कळांना वाटे. मलाही तसेच वाटत असे.

या विषयावर लिहावे असे मला वाटले ते माझ्या आईमुळे. तिचे माहेर सांगे तालुक्यातील कुर्डी. साळावली धरणाच्या पाण्याखाली १९८६ साली हे गाव गेले आणि तेथील कुटुंबे वालकिणी व इतर ठिकाणी वसविण्यात आली. मे महिन्यात जलाशयाचे पाणी ओसरले की गाव काही दिवस उघडे पडते. त्या वेळी जुने रहिवासी तेथे जातात, सोमेश्वराच्या देवळापाशी उत्सव होतो, आणि ज्याला त्याला आपापल्या घराचे जोते शोधता येते. २०२३ च्या मे महिन्यात मी आईला घेऊन गेलो होतो. आजोळच्या घराचे जोते, अंगणातील तुळशीवृंदावनाचा उरलेला चौथरा आणि त्यालगत उभी असलेली आई, असे एक छायाचित्र मी फोन उभा धरून टिपले. पुढे तिचे गुडघे इतके दुखू लागले की पुन्हा काही तेथे जाणे झाले नाही.

हे छायाचित्र मी संगणकाच्या पडद्यावर लावले आणि मोठ्या कौतुकाने आईला बोलावले. ती थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "पुता, म्हजी तकली खंय गेली रे?" खरेच, चित्रात लुगडे होते, हात होता, चौथरा होता, डोके तेवढे नव्हते.

यंत्र बिघडले असे माझ्या मनात आले. वास्तविक हा शुद्ध अंकगणिताचा प्रश्न होता. माझा पडदा १९२० ठिपके रुंद व १०८० ठिपके उंच, म्हणजे १६ : ९ या प्रमाणाचा, आडवा. छायाचित्र ३००० ठिपके रुंद व ४००० ठिपके उंच, म्हणजे उभे. पडद्याची रुंदी पूर्ण भरावयाची तर चित्र ३००० वरून १९२० वर आणावे लागते. त्याच प्रमाणात उंची ४००० वरून २५६० होते. पडद्यावर जागा आहे १०८० ची. उरलेले १४८० ठिपके, म्हणजे चित्राचा निम्म्याहून अधिक भाग, पडद्याबाहेर जातो. आडव्या धरलेल्या फोनने काढलेल्या ४ : ३ प्रमाणाच्या चित्राचा याच रीतीने केवळ चतुर्थांश भाग जातो. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. त्रैराशिकाचा इतका चांगला उपयोग पाठ्यपुस्तकात क्वचितच आढळेल.

यावर उपाय आहे. पडद्याच्या मोकळ्या जागेवर माऊसची उजवी कळ दाबावी, निघालेल्या यादीतून 'पर्सनलाइझ' निवडावे व नंतर 'बॅकग्राउंड' या विभागात जावे. विंडोज १० व ११ या दोहोंतही वाट हीच आहे. (विंडोज १० ला मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, तरी पुष्कळ घरांत ती प्रणाली अद्याप चालू आहे.) तेथे चित्र कसे बसवावे याचे पर्याय दिलेले असतात. 'फिल' म्हणजे पडदा भरा, मग चित्र कापले गेले तरी चालेल. 'फिट' म्हणजे चित्र अखंड ठेवा, मग बाजू मोकळ्या राहिल्या तरी चालतील. 'स्ट्रेच' म्हणजे ओढूनताणून बसवा. त्याने माझी आई आहे त्याच्या दुपटीहून रुंद दिसू लागली आणि तिला ते मुळीच रुचले नाही. 'टाइल'मध्ये लहान चित्र फरशांप्रमाणे पुन्हापुन्हा मांडले जाते, 'सेंटर'मध्ये ते मूळ आकारात मधोमध राहते, आणि 'स्पॅन' हा एकाहून अधिक पडदे जोडणाऱ्यांसाठी आहे. मी 'फिट' निवडले. चित्र ८१० ठिपके रुंद झाले, दोहों बाजूंस ५५५ ठिपक्यांच्या पट्ट्या राहिल्या, आणि आईचे डोके परत आले.

इतर अडचणींचा निर्देश थोडक्यात करतो. चित्र धूसर दिसत असेल तर ते बहुधा संदेशातून आलेले, आकाराने लहान झालेले असते; मूळ चित्र मागवावे, सेटिंग बदलून धूसरपणा जात नाही. एकामागून एक बदलणारी चित्रे अचानक थांबली तर लॅपटॉप विजेला जोडलेला आहे काय ते पाहावे, कारण बॅटरी वाचविण्यासाठी ती थांबविली जातात. पडदा एकाएकी काळा झाला व अक्षरेही भडक रंगांची दिसू लागली, तर कोणा बालकाने डावीकडील 'ऑल्ट', 'शिफ्ट' आणि 'प्रिंट स्क्रीन' या कळा एकत्र दाबून, आलेल्या प्रश्नाला 'हो' म्हटले असण्याचा संभव आहे. मंददृष्टीच्या व्यक्तींसाठी केलेली ती सोय आहे; त्याच कळा पुन्हा दाबल्या की ती बंद होते. चित्रे मुळीच न दाखविण्याचाही एक पर्याय 'कंट्रोल पॅनेल'मधील 'ईझ ऑफ अ‍ॅक्सेस'मध्ये आहे, तो चुकून निवडला गेला असल्यास काढून टाकावा. शाळेच्या अथवा कचेरीच्या यंत्रावर चित्र बदलताच येत नसेल, तर व्यवस्थापकाने ते मुद्दाम कुलूपबंद केलेले असते. तेथे विद्यार्थ्यांनी आपली हुशारी दाखवू नये.

आता ज्या अडचणीने माझी झोप उडविली तिच्याकडे वळतो. गतवर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी पुतण्याने हट्ट धरला की पडद्यावर गणपतीचे चित्र लावावे. मी कळ दाबणार इतक्यात आई म्हणाली की बदलण्यापूर्वी कुर्डीचे चित्र कागदावर छापून दे, फ्रेम करून ठेवीन. मी मूळ चित्र शोधू लागलो. फोन पावसात भिजून कायमचा निकामी झाला होता. चित्र ज्या पेनड्राइव्हवरून लावले होते, तो परीक्षेच्या कामासाठी मीच पुसून कोरा केला होता. संगणकात त्याची प्रत मी कधी ठेवलीच नव्हती. समोर पडद्यावर आई उभी होती, आणि तिचे चित्र कोठेच नव्हते!

मग मनात विचार आला की मूळ चित्र नाहीसे होऊनही यंत्र ते रोज दाखविते, तर त्याने कोठे तरी नक्कल ठेवलीच असली पाहिजे. ती तशी असतेही. 'विंडोज'ची खूण असलेली कळ व 'आर' एकत्र दाबावी. लहानशी चौकट उघडते. तीत शेकडेवारीचे चिन्ह, लगेच 'अ‍ॅपडेटा' हा शब्द रोमन अक्षरांत आणि पुन्हा तेच चिन्ह लिहावे. उघडलेल्या जागेत 'मायक्रोसॉफ्ट', त्यात 'विंडोज', त्यात 'थीम्स' अशी एकेक पेटी उघडत जावे. तेथे 'ट्रान्सकोडेडवॉलपेपर' या नावाची, शेवटी कोणताही प्रत्यय नसलेली एक फाइल असते. तिची प्रत दुसरीकडे करून त्या प्रतीच्या नावापुढे टिंब व 'जे', 'पी', 'जी' ही तीन रोमन अक्षरे जोडली की चित्र उघडते. मात्र पडद्यावर दुसरे चित्र लावताच ही नक्कल पुसली जाऊन तिच्या जागी नव्याची येते. पुतण्याचा हट्ट मी पाच मिनिटे आधी पुरविला असता, तर शोधण्यासारखे काही राहिलेच नसते.

ही नक्कल पुन्हा दाबून साठविलेली असते, म्हणून मूळ छायाचित्राचा सगळा बारकावा तीत राहत नाही. चौथऱ्याच्या दगडावरील रेघा आता तितक्या स्पष्ट दिसत नाहीत. आईला त्याचे काही वाटले नाही. तिने छापलेला कागद खिडकीपाशी नेला, जोत्याच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवले, आणि स्वयंपाकघर येथे होते असे पुतण्याला सांगू लागली. गणपतीचे चित्र त्या दिवशी पडद्यावर लागले ते संध्याकाळी.